झुलीवरची हळद

माघातल्या एका दुपारी जमुनाच्या पाठवणीची छपराची दमणी नदीच्या उतारावर वाळूत रुतली, आणि तेवढ्यानं भागलं नाही म्हणून की काय, डाव्या अंगाचा बैल खाली बसला. साधासुधा बैल नव्हता हं तो. धामणखेडच्या महादेवराव पाटलांनी त्या सालच्या कापसाच्या पैशातून मोठ्या बाजारातून आणलेला, पांढराशुभ्र, आल्यागेल्यानं थांबून बघावा असा. त्यानं पाटलांच्याच लेकीच्या पाठवणीला असं करावं? बरं, बसला तर बसला, वर मान वाळूत घासायला लागला. वऱ्हाडी मंडळी हसली, पाटील चिडले, आणि नवरी रडायचं सोडून छपराच्या फटीतून बघायला लागली.

पाठवणीला आलेली गावातलीच मनकर्णा धावत पुढं झाली. बैलाचं काही का होईना, तिला काळजी होती त्याच्या पाठीवरच्या झुलीची.

झूल तिच्या आईची होती. कौशल्यानं ती स्वतःच्या हातानं शिवली होती. जाड पांढरं कापड, काठाला तांबड्या सुताची वेलबुट्टी आणि कवड्या. गावात कुणाचंही लग्न निघालं की दमणीच्या बैलावर हीच झूल चढायची, आणि गावची लेक सासरी निघताना हळदीनं भरलेला हात तिच्यावर उमटवायची. मधोमधचा पहिला पंजा कौशल्याचा होता. ती देवाघरी गेली तेव्हा मनकर्णा लहान होती. आईचा चेहरा तिला नीटसा आठवत नसे, पण पंजा रोज बघता येई. ती झूल कुणी कधी धुतली नव्हती. धुणार तरी कशी? गावच्या साऱ्या लेकींचे हात होते तिच्यावर. उन्हात टाकायची, झटकायची, घडी घालून पेटाऱ्यात ठेवायची.

"सरका बाई तिकडं, लाथ मारन तो," मागून कुणीतरी म्हणालं.

तिनं वळून पाहिलं. कापसाचे भलेमोठे बोद लादलेली एक गाडी उतारावर येऊन थांबली होती आणि गाडीवान खाली उतरला होता. पंचविशीचा असेल. डोक्यापासून पायापर्यंत कापसाचे तंतू लागलेले. मिशीतसुद्धा.

"मिशीत कापूस अडकला हाये तुमच्या, दादा," मनकर्णा म्हणाली. का म्हणाली, देव जाणे. झूल वाळूत लोळत असताना हे बोलायची काही गरज होती का?

"राहू द्या," तो म्हणाला. "औंदा अकोल्यात मिशीलेई भाव येईन."

खोटं नव्हतं ते. सातासमुद्रापलीकडं कुठं अमेरिकेत गोऱ्यांची आपसात लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस बंद पडला होता, आणि अकोल्या-अमरावतीच्या बाजारात वऱ्हाडचा कापूस व्यापारी हातातून ओढून नेत होते. लोकांच्या हाती कधी नव्हे तो पैसा आला, आणि पैसा आला की काय सुचतं? लग्नं. मार्गशीर्षात पाटलांच्या पोराचं झालं, तेव्हापासून झुलीला पेटाऱ्यात धड पडून राहायला मिळालं नव्हतं.

गाडीवानानं आपला एक बैल सोडला आणि पाटलांच्या बैलाच्या जागी दमणीला जुंपला. तांबूस रंगाचा, शांत डोळ्यांचा बैल. नाव हौशा. मनकर्णानं झूल झटकून हौशाच्या पाठीवर टाकली आणि पोटाखालून बंद आवळले.

"बैल माह्या, शिणगार तुमचा," तो म्हणाला.

"शिणगार उसना हाये. उद्या परत आणून द्या. अन् पाणी लागू देऊ नका त्याले."

"लागलं तं?"

"तं तुमचं तोंड पाहणार नाई मी."

"मंग तं बापा लयच सांभाळा लागन," तो म्हणाला, आणि हौशानं एका हिसड्यात दमणी वाळूतून बाहेर काढली.

त्याचं नाव गोवर्धन. अचलपूरकडचा, कुणब्याचाच पोर. घरची थोडी जमीन भावाकडं सोपवून कापसाच्या हंगामात गाडी घेऊन इकडं यायचा. दुसऱ्या दिवशी तो झूल परत घेऊन आला तेव्हा ती त्याच्या डोक्यावर होती. नदीत पाणी घोट्याएवढं, पण हा गडी झूल डोक्यावर धरून आला. पलीकडच्या शेतातल्या बाया हसत सुटल्या. मनकर्णाही हसली, आणि मग घरात जाऊन उगाच पुन्हा एकदा हसली.

त्यानंतर धामणखेडचा कापूस न्यायला गोवर्धनचीच गाडी येऊ लागली. अकोल्याहून येताना तो कधी बोरं आणायचा, कधी रेवड्या. पंजाबरावांच्या म्हणजे तिच्या बापाच्या हातात द्यायचा आणि बघायचा मात्र चुलीकडं. ती तांब्या भरून ओसरीवर ठेवायची.

"पाणी थंडगार हाये," तो तांब्या रिकामा करून म्हणायचा.

"माघ हाये. गरम कुठून असन?"

"चुलीजवळच्या माणसाले काय, सारंच गरम. बोलणंई."

"मंग नदीचं प्या. ते बोलत नाई."

एक गोष्ट मात्र झाली होती, आणि ती दोघांनाही कळली होती. पहिल्या दिवशी ती त्याला दादा म्हणाली होती. नंतर ती त्याला काहीच म्हणेना. "अहो गाडीवाले" नाही, "गोवर्धनभाऊ" नाही... नुसतं "ऐकलं काय". हे "ऐकलं काय" ऐकायला तो ओसरीवर दोन तांबे पाणी पिऊन बसून राहायचा. गड्याला तहान तरी किती लागावी?

असं सगळं गोडीगुलाबीनं चाललं होतं, आणि गावात खरूज आली.

आधी दोन-तीन घरच्या बैलांना. पाठीवरचे केस झडले, कातडं जाड होऊन त्यावर पांढऱ्या खपल्या धरल्या. बैल गोठ्याच्या खांबाला अंग घासायचे ते घासायचेच, रक्त निघालं तरी थांबेनात. चारा तोंडात घेऊन मधेच चघळायचं विसरायचे. रात्रंदिवस आग होत असेल अंगाची, त्या मुक्या जिवांनी सांगायचं कुणाला? लोकांनी करंजाच्या तेलात गंधक कालवून चोळलं, तंबाखूच्या पाण्यानं धुतलं. चार दिवस बरं वाटायचं, की पुन्हा तेच. आणि ऐन कापसाच्या दिवसांत बैल खुंट्याला बांधलेले.

हौशालाही खरूज झाली. झाली म्हणजे काय, गावाला कारणच सापडलं.

"हा अचलपूरचा गाडीवान घेऊन आला," महादेवराव पाटील पारावर म्हणाले. "नाई नाई ते गाव हिंडते त्याची गाडी. आजपासून नदीच्या अलीकडं पाय ठेवायचा नाई त्यानं."

पंजाबरावांनी मान खाली घालून तंबाखू मळली. संध्याकाळी गोवर्धननं मुकाट्यानं गाडी जुंपली आणि नदीपलीकडच्या बाभळीखाली मुक्काम टाकला. लग्नं मात्र थांबली नाहीत, आणि झूल या गोठ्यातून त्या गोठ्यात जात राहिली.

मनकर्णाला त्या दिवसांत धुणं फार निघू लागलं. आज चादर, उद्या वाकळ, परवा बापाचं कालच धुतलेलं धोतर. ती अलीकडच्या काठावर कपडे आपटायची, तो पलीकडं हौशाला तेल चोळत बसायचा, आणि मधून पाणी वाहायचं.

"ऐकलं काय," तिनं एकदा आवाज चढवून विचारलं, "कसा हाये हौशा?"

"बरा हाये. नवे केस फुटून राहिले. पाहून जा न."

"नदी ओलांडू देतीन काय मले?"

"मी ओलांडू नये असं ठरलं हाये. तुमच्यावर कोणाचा हुकूम?"

ती आली. खरंच, हौशाच्या पाठीवर मऊ तांबूस लव उगवली होती. तिनं हात फिरवला तसे त्यानं डोळे मिटले.

"कोणतं तेल लावता तुमी?"

"तेच. करंज अन् गंधक. तुमच्या गावातूनच घेतलं."

"मंग आमचे काहून बरे होत नाई?"

"काय मालूम. माह्या आजा म्हणे, खरजेचा जीव डोळ्याले दिसत नाई इतका बारीक असते. कातड्यात घर करते. एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जाते. म्हणून दुखणेकऱ्या बैलाची वाकळसुद्धा दुसऱ्यावर टाकू नये म्हणे."

मनकर्णाचा हात हौशाच्या पाठीवर तसाच थांबला. खपल्या कुठं कुठं होत्या ते तिला बोटांखाली कळत होतं. मानेमागून सुरुवात, मग पाठ, दोन्ही बाजूंना पोटाच्या वर संपलेल्या. ही आखणी तिच्या ओळखीची होती. तेवढ्यावरच तिनं ती झूल पसरली होती, आणि बंद पोटाखालून आवळले होते.

मग तिला एकेक घर आठवत गेलं. ज्यांच्याकडं लग्न झालं त्यांचे बैल. ज्यांच्याकडं नाही झालं, त्यांचे धडधाकट. आणि सगळ्यांच्या आधी, मार्गशीर्षात, पाटलांच्या पोराच्या लग्नात झूल चढली होती ती बाजारातून नव्या आणलेल्या पांढऱ्या बैलावर. तोच उतारावर बसून वाळूत मान घासत होता. तेव्हा तर गोवर्धनचं तोंडही कुणी पाहिलं नव्हतं.

"झूल," ती म्हणाली. "माह्या आईची झूल."

तिनं सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला, आणि मग त्यानं मान हलवली.

"गावात बोलू नको हे," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्यानं तिला एकेरी हाक मारली होती, आणि तेही अशा वेळी. "बोलली तं झूल उकळत्या पाण्यात टाका लागन. नाईतं लोक जाळून टाकतीन. तुह्या आईचा हात हाये त्याच्यावर."

"अन् नाई बोलली तं?"

"तं काय... हंगाम संपत आला. मी जाईन. गाडीले गावं कमी हायेत काय?"

"अन् परत?"

"परत कोण येऊ देईन मले? ज्याच्या बैलानं गावाले खरूज दिली, त्याले पोरगी..." तो तिथंच थांबला, आणि हौशाच्या शिंगावर नसलेली माती पुसू लागला. "त्याले कापूस कोण देईन, असं म्हणून राहिलो मी."

"पयलं काय म्हणत होते?"

"ऐकलं ते ऐकलं," तो म्हणाला.

मनकर्णा घरी आली, पेटारा उघडून बसली. मधोमध तो पंजा. वर्षानुवर्षांच्या उन्हानं पिवळा फिका पडलेला, करंगळी जराशी वाकडी. लहानपणी ती आपला हात त्यावर ठेवायची, आता तिचा हात नेमका तेवढाच झाला होता. धुतलं की हे जाणार. आईची दुसरी कोणतीच खूण घरात नव्हती. ती खूप रडली. लपवायचं काय त्यात? पलीकडं बाभळीखाली एक माणूस स्वतःच्या बैलाचं नाव खराब करून जायला तयार झाला होता, का, तर तिच्या आईचा हात राहावा म्हणून. त्याच्यावर आपलं मन बसलंय हे तिला त्या दिवशी अगदी लख्ख कळलं.

दुसऱ्याच दिवशी पार्बताबाई आली. शेजारची म्हातारी, जिभेनं तिखट, पण आई गेल्यावर हिला भाकर थापायला शिकवलेली. तिच्या नातीचं लग्न होतं. सोबत पाटील होते, कारण दमणी त्यांची.

"काढ बाई झूल," पार्बताबाई म्हणाली.

"देत नाई, काकू."

ओसरीवर पंजाबरावांनी मान वर केली. गावातल्या लेकीला झूल नाही म्हटल्याचं आजवर घडलं नव्हतं.

"धुवायची हाये," मनकर्णा म्हणाली. "उकळायची हाये. खरूज झुलीत हाये. जिथं जिथं झूल गेली तिथं तिथं खरूज गेली."

"तोंड सांभाळ, माय. मायचा हात धुशील काय तू?"

"धुईन."

"खरूज त्या गाडीवानानं आणली," पाटील म्हणाले.

"पाटीलबोवा, जमुनाच्या पाठवणीले तुमचा बैल उतारावर बसला. सगळे हसले, तुमालेई आठवत असन. मान घासत होता तो वाळूत. काहून घासत होता? गाडीवान तं त्याच्यानंतर आला. त्याच्या हौशावर झूल मी माह्या हातानं टाकली. त्यानं आपल्याले खरूज नाई दिली. आपण त्याले दिली."

तिनं नदीकडं बोट केलं. "अन् ज्याले गावाबाहेर काढलं त्याचा बैल बरा झाला. तेल तेच. झूल तेवढी नव्हती तिथं."

पाटलांनी काही कबूल केलं नाही, पाटील कुठं कबूल करतात? ते उठून गेले. पण थोड्या वेळानं गुळाची मोठी कढई दोन गड्यांच्या खांद्यावरून नदीकाठी येऊन पडली, आणि ती पाटलांच्याच घरची होती. मागून त्यांच्या गोठ्यातली गोणपाटं आणि दावी आली, तीही उकळायला.

पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांची, राख पाण्यात कालवून मनकर्णानं कढईखाली जाळ केला. पाणी खळखळलं तेव्हा तिनं झूल उराशी धरली, एकदा, आणि आत सोडली.

काठावर जमलेल्या बाया चित्रासारख्या थांबल्या. राखेच्या पाण्यात हळद लाल होऊ लागली. एकेक पंजा पिवळ्याचा केशरी, केशरीचा लालभडक झाला. गावच्या साऱ्या लेकींचे हात पाण्यात कुंकवाचे होऊन वर आले.

"हळदीचं कुंकू झालं वं," पार्बताबाई पुटपुटली, आणि तिनं पदरानं डोळे पुसले. "आता कोणी काही म्हणू नका पोरीले."

मधला पंजा, वाकड्या करंगळीचा, सगळ्यात शेवटी लाल झाला. मनकर्णा तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली. मग काठीनं झूल उचलून तिनं नदीच्या पाण्यात टाकली आणि लाल रंग प्रवाहाबरोबर निघून गेला. काठाची वेलबुट्टी तेवढी तांबडी राहिली, कापड पांढरं झालं. कोरं, जणू कालच शिवलेलं.

ओली झूल म्हणजे केवढं ओझं. एकटीनं पिळायची कशी? तिनं एक टोक धरलं आणि दुसरं वाळूत लोळायला लागलं. तेवढ्यात पाण्यातून चालत कुणीतरी आलं आणि ते टोक उचललं. गोवर्धन नदी ओलांडून आला होता. सगळ्या गावासमोर. पाटीलही कढईमागोमाग येऊन उभे होते, ते नेमके त्याच वेळी दुसरीकडं बघायला लागले.

दोघांनी पिळायला सुरुवात केली. थेंबभर पाणी निघेना.

"ऐकलं काय," ती म्हणाली, डोळ्यांत पाणी असूनही तिला हसू आलं. "मी जिकडं पीळ देऊन राहिली, तिकडंच तुमीई देऊन राहिले. पाणी निघन कसं?"

"मले वाटलं, तुह्या मनासारखं करावं."

"माह्या मनासारखं करायचं तं उलटं करा."

त्यानं उलटा पीळ दिला. झूल आवळत गेली, पाणी धो धो गळलं, आणि पीळ बसेल तशी दोघं एकेक पाऊल जवळ येत गेली. अगदी जवळ आल्यावर तो हळूच म्हणाला, "त्या दिवशी मी पोरगी म्हणालो होतो. कापूस नाई."

"मले मालूम हाये."

"मंग?"

"मिशीत कापूस हाये तुमच्या," मनकर्णा म्हणाली. "पयले तो काढा. मंग माह्या बाबाले विचारा."

विचारायला जावं लागलं नाही. पंजाबराव काठावर येऊन कधीचे उभे होते. पारावर आपण गप्प बसलो हे त्यांना खात असावं. त्यांनी पलीकडच्या बाभळीकडं बघितलं.

"तो हौशा तिकडं एकटा काहून बांधला?" ते म्हणाले. "आत आण. आपल्या गोठ्यात जागा हाये."

बैल गोठ्यात घ्या म्हणणं म्हणजे त्याच्या मालकाला जावई म्हणून घरात घेतल्यासारखंच, ते जमलेल्या प्रत्येकाला समजलं. गोवर्धनला तर इतकं समजलं, की तो हातातलं टोक सोडून हौशाला आणायला पळाला, आणि धुतलेली झूल पुन्हा वाळूत पडली. पार्बताबाईनं त्याला दिलेल्या शिव्या मी इथं सांगत नाही.

गावचे बैल हळूहळू बरे झाले. फाल्गुनात मनकर्णाची पाठवण झाली. हौशाच्या पाठीवर कोरी पांढरी झूल होती, आणि तिनं मधोमध, जिथं आईचा हात असायचा तिथं, हळदीचा आपला हात ठेवला. तिचीही करंगळी जराशी वाकडी उमटली. तिथं जमलेल्यांमधे ते फक्त तिनं आणि तिच्या बापानं पाहिलं.

सासरी पोचल्यावर दुसऱ्याच सकाळी नव्या सुनेनं अंगणात राखेचं पाणी तापत ठेवलं, तेव्हा सासू चकित झाली.

"अवं, हळद वाळली नाई अजून, अन् धुऊन राहिली?"

"परवा धामणखेडले पाटलाच्या पुतणीची पाठवणी हाये, मामी, उद्या झूल तिकडं धाडा लागन. तिले हात ठेवाले जागा पायजे. अन् बैलाईले रातची झोप पायजे."

कढईत पंजा लाल झाला, आणि या खेपेला मनकर्णाला रडू आलं नाही. गोवर्धन आपणहून पुढं आला, झुलीचं दुसरं टोक उचललं, आणि पीळ कुणीकडं द्यायचा ते त्याला सांगावं लागलं नाही.